आईबाप, मूल आणि गाणें

रडणाऱ्या तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन त्याच्यापुढें गाणें गुणगुणावें, ही गोष्ट कोणास शिकवावी लागेल असें पूर्वीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें. माशाला पोहणें, पांखराला उडणें, तसें आईला अंगाई म्हणणें, असाच सर्वांचा समज. आई कामांत असेल तर आजी, आजी नसेल तर आत्या, नाहींतर शेजारची एखादी पोक्त बाई. मुलासाठीं घरांत गळा कोणाचा तरी असावयाचाच. परंतु गातां येणें आणि गावेंसें वाटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिचें मन खचलें आहे, जिला रात्रंदिवस एकटीनें मूल सांभाळावें लागतें, जिचें मूल हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, तिच्या ओठांवर गाणें येत नाहीं. आणि येत नाहीं म्हणून तिला दोष देण्यांत कांहीं अर्थ नाहीं. अशा आईबापांना त्यांच्या लहान मुलांसह एकत्र बसवून, संगीतोपचाराचें रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाच्या देखरेखीखालीं गावयास लावावें, अशी एक पद्धति अलीकडे कांहीं देशांत रूढ झाली आहे. तिचा परिचय करून देणें हा या भाषणाचा हेतु आहे.

या पद्धतीचें एक चांगलें उदाहरण ऑस्ट्रेलियांत सांपडतें. त्या देशांत 'प्लेग्रुप' ही प्रथा घरोघर परिचयाची आहे. शाळेच्या वयाला न पोंचलेलीं मुलें आणि त्यांचे आईबाप आठवड्यांतून एकदां एखाद्या सभागृहांत जमतात. मुलें खेळतात, मोठीं माणसें एकमेकांशीं चार शब्द बोलतात, एवढेंच तिचें साधें स्वरूप. २००१ सालीं क्वीन्सलंड राज्यांत, तेथील प्लेग्रुप संस्थेच्या आश्रयाखालीं, 'सिंग अँड ग्रो', म्हणजे 'गा आणि वाढ', या नांवाचा उपक्रम निघाला, आणि पुढें केंद्र सरकारच्या साहाय्यानें तो इतर राज्यांतहि पसरला. संगीतोपचार हा तोंवर त्या देशांत अनोळखी व्यवसाय राहिला नव्हता. त्या व्यवसायाची संघटना १९७५ सालींच स्थापन झाली होती, आणि मेलबर्न येथें १९७८ पासून त्याचें शिक्षणहि मिळूं लागलें होतें. तेव्हां गाणाऱ्या कोणा हौशी बाईवर हें काम न सोंपवितां तें शिकलेल्या उपचारकांच्या हातीं दिलें गेलें. ज्यांच्यासाठीं हा उपक्रम होता तीं कुटुंबें मुख्यतः तीन प्रकारचीं: दारिद्र्यानें किंवा अन्य अडचणींनीं गांजलेलीं, ज्यांतील आईबाप स्वतःच अगदीं कोवळ्या वयाचे आहेत अशीं, आणि ज्यांच्या घरांत अपंग अथवा मंद वाढीचें मूल आहे अशीं.

वर्ग सुमारें तासभर चालतो. आठवड्यांतून एकदां, असे दहा आठवडे. सभागृहाच्या जमिनीवर एक मोठी सतरंजी, तिच्यावर वर्तुळाकार बसलेलीं आठदहा कुटुंबें, आणि त्यांच्याच बरोबरीनें मांडी घालून बसलेली उपचारिका. तिच्या हातांत बहुधा गिटार असतें. शेजारच्या टोपलींत खुळखुळे, घुंगरांच्या पट्ट्या, लहानशा ढोलक्या, लाकडी टिपऱ्या. पहिलें गाणें स्वागताचें. दर आठवड्यास तेंच गाणें, तीच चाल. फक्त त्यांतील नांव बदलत जातें, आणि वर्तुळांतील प्रत्येक मुलाच्या नांवानें सर्वजण एकेक वेळ तें म्हणतात. प्रथमदर्शनीं हा नुसता पोरखेळ वाटतो. पण जिच्या मुलाबद्दल दवाखान्यांत, बसमध्यें आणि नातलगांत आजवर केवळ तक्रारीच ऐकूं आल्या, तिच्या मुलाचें नांव पंधरावीस माणसें आनंदानें गात आहेत, अशा वेळीं त्या आईस काय वाटत असेल याची श्रोत्यांनीं कल्पना करावी. आपलें मूल कौतुकास पात्र आहे हें खचलेल्या मनाला, दुसऱ्या कोणी तें कौतुक केल्याशिवाय, सहसा पटत नाहीं.

त्यानंतर हातवाऱ्यांचीं गाणीं. मूल मांडीवर, तोंड आईकडे. ठेक्यावर त्याला वर-खालीं हालवावयाचें आणि शेवटच्या शब्दापूर्वीं एकदम थांबावयाचें. या थांबण्यांत सारी मौज आहे. क्षणभर शांतता पसरते. मूल आईच्या तोंडाकडे टक लावून पाहतें. पुढें काय होणार हें त्याला ठाऊक असतें, केव्हां होणार हें मात्र ठाऊक नसतें. मग कोणी पाय झाडतें, कोणी हुंकार देतें, कोणी नुसत्या भुंवया वर करतें. तोच त्याचा शब्द. उपचारिका हळूच सुचविते, 'पाहा, तो मागतो आहे,' आणि आई तो राहिलेला शब्द उच्चारून मुलाला उंच उचलते. एकानें बोलावें, दुसऱ्यानें थांबावें, मग दुसऱ्यानें बोलावें व पहिल्यानें थांबावें, हें जें सर्व संभाषणाचें मूळ, तें त्या मुलाला शब्द फुटण्याच्या कितीतरी आधीं असें हातीं लागतें. ज्या मुलाला शब्द फुटण्याचा संभव थोडा, त्याच्या बाबतींत तर या हुंकाराची किंमत आणखी मोठी. कारण आपलें मूल आपल्याला कांहीं सांगतें ही जाणीव त्याच्या आईला कदाचित् प्रथमच होत असते.

वाद्यांची टोपली फिरूं लागली म्हणजे निराळेंच दृश्य दिसतें. वाद्य उचलण्यास कोणत्याच मुलाला सांगावें लागत नाहीं. गाणें संपल्यावर तें टोपलींत परत टाकणें मात्र फार जड जातें. म्हणून परत टाकण्याचेंहि एक गाणें असतें. घरीं एखादी वस्तु मुलाच्या मुठींतून सोडवितांना जिला रोज आरडाओरड करावी लागते, दोन धपाटेहि घालावे लागतात, ती पाहते कीं तेंच काम येथें चार ओळींच्या सुरांत उरकलें. कांहीं गाणीं चालण्याचीं व थांबण्याचीं: सूर चालूं आहे तोंवर पाय आपटावयाचे, सूर थांबतांच दगडासारखें उभें राहावयाचें. दोन वर्षांच्या मुलाला 'थांब' हा शब्द शत्रूसारखा वाटतो. येथें तो खेळांतला गडी होतो. तासाच्या शेवटीं सूर मंद होतात, मुलें कुशींत येतात, मोठीं माणसें त्यांना घेऊन डोलूं लागतात. आणि निरोपाच्या गाण्यांत पुन्हां प्रत्येकाचें नांव घेऊन वर्ग संपतो.

हें सर्व सुरळीत पार पडतें असें मात्र कोणी समजूं नये. एखादें मूल वर्तुळांत बसतच नाहीं. तें भिंतीकडेनें धांवत सुटतें. आई ओशाळते, त्याला ओढून आणूं लागते, तें हातपाय झाडतें, आणि पुढच्या आठवड्यापासून ती येईनाशी होण्याचा रंग दिसूं लागतो. अशा वेळीं उपचारिकेचें शिक्षण उपयोगास येतें. ती मुलाला हांक मारीत नाहीं कीं आईला धीराचें भाषण ऐकवीत नाहीं. चालू गाणें मोडून ती धांवण्याचें गाणें सुरू करते, त्याच्या पावलांची लय गिटारवर धरते, आणि बाकीच्या सर्वांना उठवून त्याच्यामागें धांवावयास लावते. घटकेपूर्वीं जो वर्गाबाहेर होता तो आतां वर्गाचा पुढारी झाला! मग ती लय हळूहळू उतरवीत, धांवण्याचें चालणें, चालण्याचें डोलणें करीत, ती त्या सर्वांना पुन्हां सतरंजीवर आणते. मूल जेथें असेल तेथें जाऊन त्याला भेटावयाचें आणि मग त्याला बरोबर घेऊन यावयाचें, ही युक्ति ज्या शिक्षकाला साधली त्याला छडीची गरज पडत नाहीं. दुर्दैव एवढेंच कीं पुष्कळांना ती पेन्शन घेण्याच्या सुमारास साधते.

एकच गाणें दहा आठवडे म्हणणें मोठ्या माणसांना कंटाळवाणें होतें. पाढे शिकविणारांना हा कंटाळा चांगला परिचित असतो, आणि मुलांना तो मुळींच कसा नसतो हेंहि. ओळखीची गोष्ट ओळखीच्या जागीं पुन्हां भेटली म्हणजे लहान मुलाला जो आनंद होतो, तो नव्या गोष्टीच्या आनंदाहून कमी नसतो. या उपक्रमांतील गाणीं मुद्दामच सोपीं, थोड्या स्वरांत फिरणारीं आणि पुनःपुन्हां येणारीं निवडलेलीं असतात. त्याचें दुसरें कारण आईबापांकडे पाहून आहे. जिला आपला आवाज बेसूर वाटतो, शाळेंत ज्याला गाण्याच्या तासाला गप्प बसविलें होतें, अशा माणसांनाहि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तें गाणें पाठ व्हावें आणि घरीं भांडीं घांसतांना, मुलाला आंघोळ घालतांना आपोआप तोंडांत यावें, असा त्यांत हिशेब आहे. कारण आठवड्यांतील तास एकशें अडुसष्ट. त्यांपैकीं एकाच तासांत जें घडतें त्यावर कोणतेंहि मूल वाढत नाहीं.

मग गोड गळ्याची कोणीहि बाई हें काम करूं शकणार नाहीं काय? गाण्याचा वर्ग ती चालवूं शकेल. पण हा गाण्याचा वर्ग नव्हे. अति सुंदर गाणारें माणूस येथें कधीं कधीं अपायकारकहि ठरेल, कारण त्याच्या गाण्यानें आई गप्प बसेल आणि मूल आईकडे पाठ करून त्याच्याकडे पाहूं लागेल. उपचारिकेची दृष्टि सर्व वेळ आई आणि मूल यांच्यामध्यें जी अवघी वीतभर जागा आहे तिच्यावर खिळलेली असते. आईनें मुलाकडे पाहिलें काय, मुलाच्या हुंकाराला उत्तर दिलें काय, तें दमलें तेव्हां तिनें ओळखलें काय, इतक्या बारीक गोष्टी ती टिपते, आणि जें एक चांगलें घडलें असेल तें त्या आईला तेथल्या तेथें दाखवून देते. चुका दाखवीत नाहीं. उपदेश ऐकून सुधारलेले आईबाप जगांत फारसे आढळत नाहींत. पण आपण एक गोष्ट बरोबर केली हें कळल्यावर ती दुसऱ्यांदा न करणारेहि थोडेच. आरंभींचे वर्ग उपचारिका चालविते. पुढें पुढें ती आपला आवाज लहान करीत जाते आणि आईबापांचा मोठा होऊं देते.

आतां कोणी विचारील कीं हेंच काम गोष्टी सांगून, चित्रें दाखवून, नुसतें बोलून होणार नाहीं काय? गाण्यांत असें काय विशेष आहे? या प्रश्नाचा अभ्यास कॅनडांतील मानसशास्त्रज्ञांनीं बराच केलेला आहे. सँड्रा ट्रेहब या विदुषीनें आणि माँट्रिऑल येथील तिच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सात ते दहा महिन्यांच्या मुलांना तुर्की भाषेंतील, म्हणजे त्यांनीं पूर्वीं कधींहि न ऐकलेलें, गाणें ऐकविलें, आणि मूल रडकुंडीस येईपर्यंत किती वेळ जातो हें मोजलें. नुसतें बोलणें ऐकविलें असतां, मग तें लाडिक असो कीं साधें असो, मुलें सुमारें चार मिनिटें शांत राहिलीं. गाणें ऐकविलें असतां सुमारें नऊ मिनिटें. घरकामांत बुडालेल्या आईला या पांच मिनिटांची किंमत सांगावयास नको.

पण मुलाची शांतता ही या गोष्टीची अर्धी बाजूच झाली. अमेरिकेंतील एड्वर्ड ट्रॉनिक यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या अभ्यासकांत फार गाजलेला आहे. त्यांत आईनें प्रथम मुलाशीं नेहमींप्रमाणें खेळावयाचें आणि मग कांहीं मिनिटें चेहरा निश्चल ठेवून त्याच्याकडे नुसतें पाहत राहावयाचें, एवढेंच होतें. मूल आधीं हसून पाहतें, हात पुढें करतें, आवाज काढतें. उत्तर मिळत नाहीं असें पाहून अखेर मान फिरवून घेतें. प्रयोगांतील ही आई थोड्या वेळानें पुन्हां हसते. पण ज्या आईचा चेहरा दुःखानें किंवा थकव्यानें आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, तिच्या मुलानें काय करावें? अशा आईला 'हसत जा, मुलाशीं बोलत जा' असें सांगणें म्हणजे ताप आलेल्याला 'थंड हो' म्हणण्यासारखें आहे. बोलण्यासाठीं मनांत कांहीं असावें लागतें. गाण्याचें तसें नाहीं. शब्द तयार, चाल तयार, हालचालहि ठरलेली. दुसऱ्यांच्या आवाजाच्या आधारानें ती गाऊं लागली कीं चेहरा हालतो, भुंवया उचलल्या जातात, श्वास लांब होतो, आणि समोरच्या मुलाला जें हवें होतें तें मिळूं लागतें. मनांतून नव्हे, तोंडांतून सुरुवात झाली. पण मूल हसलें म्हणजे मन मागोमाग येण्याचा संभव असतो.

ऑन्टेरिओ प्रांतांतील हॅमिल्टन शहरीं मॅकमास्टर विद्यापीठांत लॉरल ट्रेनर यांच्या प्रयोगशाळेंत झालेले दोन प्रयोगहि येथें सांगण्यासारखे आहेत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चौदा महिन्यांच्या मुलांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर नाचविलें, आणि त्यांच्या समोर दुसरी एक बाई तशीच खालीं-वर होत राहिली. कांहीं मुलांच्या वेळीं अगदीं त्यांच्या तालांत, कांहींच्या वेळीं तालाबाहेर. मग त्या बाईच्या हातून एखादी वस्तु जणूं चुकून खालीं पडे. जिनें आपल्या तालांत ताल मिळविला होता तिला ती वस्तु उचलून देण्यास मुलें अधिक तत्पर आढळलीं. चालतां येऊं लागून चार दिवस झाले नाहींत, बोलतां येत नाहीं, आणि बरोबर डोललेल्या माणसाची जाण मात्र आहे! दुसरा प्रयोग २०१२ सालचा. सहा महिन्यांच्या मुलांचे दोन वर्ग केले व ते सहा महिने चालविले. एका वर्गांत आईबाप व मुलें मिळून थोडींच गाणीं पुनःपुन्हां गात, हातवारे करीत. दुसऱ्यांत ध्वनिमुद्रित संगीत नुसतें मागें वाजत असे आणि मुलें खेळण्यांत रमलेलीं असत. पहिल्या वर्गांतील मुलें वर्षाचीं झालीं तेव्हां बोटानें दाखविणें, हात हालवून निरोप देणें अशा खुणा अधिक करूं लागलेलीं आणि अनोळखी गोष्टींनीं कमी बावरणारीं आढळलीं. संगीत दोन्ही खोल्यांत होतें. आईबाप गात होते तें एकाच खोलींत.

सुशिक्षित कुटुंबांचें लक्ष या शेवटच्या प्रयोगाकडे विशेष वेधणें जरूर आहे. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांत छत्तीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्टचें संगीत ऐकल्यावर विशिष्ट प्रकारचीं कोडीं सोडविण्यांत त्यांची प्रगति झाली, ती दहापंधरा मिनिटें टिकली, आणि ओसरली. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते. मुलांचा त्यांत संबंध नव्हता. पण तेवढ्या भांडवलावर मुलांची बुद्धि वाढविणाऱ्या संगीताचा केवढा बाजार उभा राहिला! १९९८ सालीं जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनीं तर राज्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरीं अभिजात संगीताची तबकडी सरकारी खर्चानें पाठविण्याची सूचना मांडली. त्या तबकडीची जागा आतां मोबाइलनें घेतली आहे, आणि पाळण्याशेजारीं तो लावून ठेवून पुष्कळ घरांत अंगाईचें काम उरकलें जातें. संगीत ऐकविण्यांत पाप नाहीं. परंतु यंत्र मुलाच्या हुंकारासाठीं थांबत नाहीं.

आतां या उपचाराचा प्रत्यक्ष उपयोग कितपत होतो तें पाहावयाचें. 'सिंग अँड ग्रो' उपक्रमाची पाहणी जॅन निकल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली व ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली. ३५८ आईबाप व त्यांचीं मुलें तींत होतीं: १९९ सामाजिक दृष्ट्या अडचणींतल्या कुटुंबांतील, ७३ कोवळ्या वयाच्या आईबापांचीं आणि ८६ अपंग मुलांच्या घरचीं. दहा आठवड्यांनंतर मुलांवर चिडण्याचें आईबापांचें प्रमाण कमी झालें, घरीं मुलांशीं शिकण्या-खेळण्याचे प्रसंग वाढले, आईबापांचें मनःस्वास्थ्य सुधारलें, आणि मुलांच्या संवादांत व मिळून खेळण्यांतहि प्रगति दिसली. ही हकीकत समाधानाची आहे खरी, पण तिच्यांत एक उणीव आहे आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. या कुटुंबांशीं ताडून पाहण्यासाठीं, वर्गास न गेलेल्या कुटुंबांचा निराळा गट घेतलेला नव्हता. अडीच महिन्यांत लहान मूल कांहीं न करतांहि वाढतें; आणि आठवड्यांतून एकदां घराबाहेर पडून चार माणसांत बसल्यानेंच आईला बरें वाटलें असेल, असेंहि कोणी म्हणूं शकेल.

या शंकेला कांहींसें उत्तर लंडनमध्यें मिळालें. बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांना खोल उदासीनतेचा विकार जडतो. तो आळस नव्हे, नखराहि नव्हे. झोंप उडते, मुलाविषयीं मायेऐवजीं भीति वाटूं लागते, आणि ती लाजेनें कोणाजवळ बोलतां येत नाहीं. डेझी फॅन्कोर्ट व रोझी पर्किन्स यांनीं अशा १३४ माता निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें तीन गट पाडले. पहिल्या गटानें दहा आठवडे आपापल्या तान्ह्यांसह एकत्र गावयाचें, दुसऱ्यानें तितकेच दिवस एकत्र जमून मुलांशीं कलाकुसरीचे खेळ खेळावयाचे, तिसऱ्यानें नेहमींची वैद्यकीय मदत तेवढी घ्यावयाची. २०१८ सालीं या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांनीं तिन्ही गटांतील स्त्रिया कमीअधिक सुधारल्या होत्या. परंतु ज्यांचा विकार मध्यम किंवा तीव्र होता त्यांत गाणाऱ्या मातांची प्रकृति नेहमींच्या मदतीवर राहिलेल्यांपेक्षां लवकर, सहाव्या आठवड्याच्या सुमारासच, सुधारूं लागली. खेळाच्या गटांत तसा वेग सिद्ध झाला नाहीं. म्हणजे चार माणसांत बसण्याचा गुण दोन्ही गटांना सारखा मिळूनहि गाण्याकडे कांहीं अधिक उरलें. निरोगी माणसाला चार आठवड्यांचें अंतर किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरांत आई मुलाकडे पाहूं शकत नाहीं, त्या घरांत चार आठवडे हा फार मोठा काळ आहे, आणि दोनतीन महिन्यांच्या मुलाच्या तर आयुष्याचा तो मोठा हिस्साच आहे.

अशी औषधी बायकांनीं आपली आपण पूर्वींच शोधून ठेविली होती, असेंहि एक उदाहरण आहे. पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांत 'कन्येलेंग' नांवाचीं स्त्रियांचीं मंडळें असतात. ज्यांना मूल होत नाहीं किंवा ज्यांचीं मुलें जगत नाहींत अशा स्त्रिया त्यांत एकत्र येऊन गातात, नाचतात, लोकांत बोलूं नयेत अशा थट्टाहि करतात. आणि दुःख झालेल्या बाईला समाज जें बोलूं देत नाहीं तें त्यांना गाण्यांतून बोलतां येतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक प्रयोगांत याच मंडळांच्या पुढाकारानें गरोदर स्त्रियांसाठीं गाण्याचे मेळावे भरविले, आणि त्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला आढळला. बाहेरून कोणी पंडित आणावा लागला नाहीं.

इतकें असूनहि संगीतोपचाराला रामबाण समजणें चुकीचें होईल. स्वमग्न मुलांसाठीं नऊ देशांत मिळून ३६४ मुलांवर केलेली एक मोठी परीक्षा २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत मुलाला स्वतंत्रपणें संगीतोपचार दिला होता, आणि पांच महिन्यांनंतर स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत, नेहमींचे उपचार मिळालेल्या मुलांच्या तुलनेनें, सांगण्यासारखा फरक आढळला नाहीं. ज्या घरांत असें मूल आहे त्या घरांतील माणसें आशेनें व्याकूळ झालेलीं असतात, आणि त्या आशेवर पैसा मिळविणारांची वाण कोठेंच नाहीं. तेव्हां 'संगीतानें तुमचें मूल बरें करूं' असें कोणी सांगूं लागल्यास त्याला दुरूनच नमस्कार करावा. सतरंजीवरच्या त्या वर्गांत असें वचन कोणाला दिलें जात नाहीं. तेथें मुलाचा विकार जातो असें नाहीं. त्या मुलाशीं वागण्याची आईबापांना वाट सांपडते, आणि एकाच गोष्टीनें दुसरीहि झाली असें दरवेळीं घडत नाहीं.

वर्गाला येतात त्या बहुधा आयाच. वडील मंडळी क्वचित् येतात, आणि आली तरी पहिले दोन आठवडे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहतात. त्यांच्यासाठीं कोणी निराळा उपाय योजीत नाहीं. एखादें मूल वर्तुळांतून उठतें, घुंगरांची पट्टी त्यांच्या हातांत देतें आणि परत जातें. पट्टी हातांत आल्यावर ती न वाजवितां उभें राहणें कठीण जातें.

दहाव्या आठवड्यास उपचारिका निरोपाचें गाणें सुरू करीत नाहीं. ती गिटार मांडीवर ठेवून थांबते, आणि कोणी तरी सुरुवात करील अशी वाट पाहते. बराच वेळ कोणी बोलत नाहीं; मोठीं माणसें एकमेकांकडे पाहून हसतात. मग कोपऱ्यांतून एक आवाज निघतो, जरा चुकीच्या पट्टींत, आपल्या शेजारच्या मुलाचें नांव घेऊन. आणि बाकीचे त्याच पट्टींत त्याच्यामागून गाऊं लागतात.